पुंजारामभाऊंचं बरं चाललंय

पुंजाराम ताथोड यांचं बरं चाललंय, असं त्यांच्याच तोंडून अकोल्यात चाळीस वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं. दालमिलला दुसरं युनिट जोडलं, तेव्हा ते म्हणाले, "टिनाचं शेड टाकलं बावा, पोते भिजते म्हणून." चार मजली घर उठलं ते "डोक्यावर छप्पर पायजे" एवढ्यासाठी. मुलगा डॉक्टर झाला, तर "शिकून राह्यला कसातरी." यात लबाडी नव्हती. बरं आहे म्हटलं की नजर लागते, हे त्यांना आईनं शिकवलं होतं, आणि ते विसरू नये म्हणून घरात बायको दुर्गाबाई होत्या. बाजार समितीतल्या अडत्यांना हा रिवाज पाठ होता. पुंजारामभाऊ जितके जास्त रडतील तितकं गोदाम जास्त भरलेलं, असं तिथलं सरळ गणित होतं. सगळ्या गावात 'एकदम मजेत' असं उत्तर आजवर एकाच व्यापाऱ्यानं दिलं होतं, आणि तो दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून सुरतेला निघून गेला होता.

प्रियदर्शनी वानखडे हिलाही हे ठाऊक होतं, पण तिनं त्याचं मोल ओळखलं नाही. मिल शेअर बाजारात उतरली तेव्हापासून ती कंपनीची सेक्रेटरी होती. कंपनी बाजाराशी जे काही बोलेल ते कायद्यात बसवून द्यायचं, हे तिचं काम. अमरावतीहून रोज गाडीनं येणं-जाणं. त्या येण्याजाण्यात, तीन वर्षं मांडीवर फाईल ठेवून, तिनं बार्शीटाकळीच्या नव्या प्लांटची योजना लिहिली होती. डाळ निवडून पाकिटात भरायचा प्लांट. ऐंशी बायांना काम आणि प्लांट सांभाळायला ती स्वतः. मुंबईचा एक फंड पैसे घालायला तयार झाला होता. अट एकच होती. सहामाही निकालाच्या पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी बाजार बंद होताना शेअरचा भाव शंभराच्या वर पाहिजे. भाव एकशे अठरा होता आणि नफा दुप्पट झाला होता. प्रियदर्शनीनं प्लांटच्या पाटीचा रंगसुद्धा ठरवून टाकला.

मंगळवारी सकाळी फोनवर सभा होती. निकालानंतर कंपनीचा मालक बोलतो आणि गुंतवणूकदार प्रश्न विचारतात, अशी पद्धत आहे. पलीकडे एकसष्ट लोक होते. भाऊंच्या समोर प्रियदर्शनीनं मोठ्या अक्षरात छापलेला कागद होता, आणि सोमवारी तीनदा तालीम झाली होती. आकडे भाऊंनी नीट वाचले. मग फंडाचा विश्लेषक सोहम बोलला. हा मुलगा पुण्याचा. मराठी जाणणारा तेवढा एकच, म्हणून बाकीचे साठ जण त्याच्या भरवशावर होते.

"सर, अभिनंदन! पुढची सहामाही कशी दिसतेय?"

कागदावर उत्तर होतं: 'मागणी उत्तम आहे आणि आम्ही आशावादी आहोत.' भाऊंनी ते पाहिलं. ओठ हलवले. दारात दुर्गाबाई मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन उभ्या होत्या.

"काही खरं नाही, साहेब," भाऊ म्हणाले.

सोहमनं पुन्हा विचारलं.

"म्हणजे... नेमकं कशात अडचण आहे, सर?"

"एक असन तर सांगू. पान्याचा भरोसा नाही, भावाचा भरोसा नाही. जगून राह्यलो कसंतरी."

प्रियदर्शनीनं कागदावर बोट आपटलं. भाऊंनी हातानंच तिला 'झालं, सांगितलं' अशी खूण केली. सोहमनं सगळं इमानदारीनं, शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत केलं. दुपारपर्यंत भाव चौऱ्याण्णववर आला आणि तिथंच थांबला, कारण एका दिवसात त्याहून खाली जायची बाजारात मुभाच नव्हती. बाजाराच्या बातम्या देणाऱ्या एका संकेतस्थळानं लिहिलं, 'व्यवस्थापनाचा सूर सावध, शेअर गडगडला.'

"भाऊ, हे काय केलं तुम्ही?"

"खोटं काय बोललो? पान्याचा भरोसा हाय का तुले?"

त्या रात्री अमरावतीला तिचे वडील नागसेनबाबा जेवायचे थांबले होते. मुलगी कंपनीत असल्यानं घरात त्या कंपनीचा एकही शेअर घ्यायचा नाही, असा तिचा दंडक होता. त्यामुळे भावाची त्यांची काळजी निर्मळ होती.

"नफा दुप्पट, अन् भाव खाली कावून?"

"बाजार झालेल्या नफ्याकडं पाहत नाही, बाबा. पुढं काय होईल ते पाहतो."

"अन् पुढचं कोणाले मालूम हाय?"

"कोणालाच नाही."

"मंग बरोबर हाय," बाबा म्हणाले आणि त्यांनी पोळी मोडली.

बुधवारी मात्र नवल घडलं. बाजार समितीच्या चहाच्या टपरीवर मनोज अडत्यानं विचारलं, "पुंजाराम मुंबईवाल्याइपुढं रडला म्हंते?"

"लय रडला."

"किती?"

"'जगून राह्यलो' म्हणे."

मनोजनं कप खाली ठेवला. 'जगून राह्यलो' हे भाऊंनी याआधी एकदाच म्हटलं होतं, आणि त्या वर्षी त्यांनी चार ट्रक घेतले होते. दुपारपर्यंत अर्ध्या मार्केटानं मोबाईलवरून शेअर उचलले आणि भाव एकशे सातवर गेला. संकेतस्थळानं लिहिलं, 'घसरणीनंतर मूल्य आकर्षक; जाणकारांची खरेदी.' मनोजला कोणी जाणकार म्हणण्याची ती पहिलीच वेळ. आपल्याबद्दल लिहिलंय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

प्रियदर्शनीनं इथं हात बांधून बसायला हवं होतं. पण ती शिकलेली होती. भाव का चढला हे तिला कळलं नाही, आणि न कळता चढलेला भाव न कळताच उतरेल याची तिला धास्ती वाटली. संध्याकाळी तिनं शेअर बाजाराला पाठवायचा खुलासा लिहिला: 'कंपनीची स्थिती उत्तम असून काळजीचं कोणतंही कारण नाही.' भाऊंनी सही करायला अर्धा तास घेतला. दुर्गाबाई आत निघून गेल्या. त्यांना ते बघवेना.

गुरुवारी खुलासा वाचून मुंबई जागची हलली नाही. कंपन्या रोजच असं लिहून देतात. अकोल्याचं मात्र धाबं दणाणलं.

"पुंजारामनं लिहून देल्लं, का बरं हाय म्हणून?"

"सहीनिशी!"

"बुडाला रे बाप्पा."

बारा वाजता मनोज आणि आणखी तिघं मिलच्या ऑफिसात आले, डोक्यावरच्या टोप्या हातात घेऊन. चहा आला तर नको म्हणाले.

"भाऊ," मनोज हळूच म्हणाला, "आमाले सांगाचं होतं ना. आमी काय परके हावो?"

"अरे, मले काय झालं?"

"असू द्या. तुमी खंबीर हा, आमाले मालूम हाय." त्यानं भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. जाताना चौघांनी आपापले शेअर विकले. दुर्गाबाईंच्या बहिणीचा बार्शीटाकळीहून रडत फोन आला. भाव एक्क्याण्णव. संकेतस्थळ म्हणालं, 'खुलाशानं समाधान नाही.'

आता प्रियदर्शनीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शुक्रवारी तिनं भाऊंना हात जोडले. "मार्केटात एक चक्कर टाकून या. नेहमी बोलता तसंच बोला. आकडा एकही नको, नाहीतर मला आधी बाजाराला कळवावं लागेल."

"आता रडाचं म्हंते? परवा त नको म्हणे."

"परवा मी चुकले."

भाऊ गेले. टपरीवर उभे राहिले आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं म्हणाले, "काही खरं नाही, बावा."

टपरीवर कोणी हसलं नाही. मनोजनं डोळे पुसले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्या वाक्यावर लोकांचा विश्वास बसला होता. भाऊ परत आले तेव्हा भाव अठ्ठ्याऐंशी झाला होता आणि त्यांच्या हातात कोणीतरी दिलेला नारळ होता, देवाला वाहायला.

शनिवार-रविवार प्रियदर्शनीनं योजनेची फाईल कपाटात वरच्या फळीवर ठेवली. नंतर खाली काढली. परत वर ठेवली. रंगवाल्याला फोन करून पाटीचं काम थांबवलं. सोमवारी ती राजीनामा पर्समध्ये घेऊन गाडीत बसली, कारण ऐंशी बायांना आशा तिनं लावली होती आणि खुलासाही तिनंच लिहिला होता.

ऑफिसात भाऊ-दुर्गाबाई मोबाईलकडं पाहत बसले होते. भाव त्र्याण्णव. अकरा वाजता सत्त्याण्णव. दुपारी एकशे एक. साडेतीनला बाजार बंद झाला तेव्हा एकशे दोन. प्रियदर्शनीनं आकडा दोनदा तपासला, मग खुर्चीवर बसली.

"कोणी घेतले?" भाऊंनी विचारलं. "मनोजनं?"

"नाही. सगळा बाजारच चढलाय आज. अमेरिकेत बेकारी वाढल्याची बातमी आली."

"अन् मंग चढला कावून?"

"बेकारी वाढली म्हणजे तिथं व्याज कमी करतील. व्याज कमी झालं की पैसा इकडं येईल. म्हणून सगळे घेत सुटले. त्यात आपलेही घेतले कोणीतरी."

दुर्गाबाईंनी मान डोलावली. "त्यायले कळते बाई. आपलं भलं व्हावं म्हणून वाईटच सांगावं."

भाऊंनी मोबाईल खाली ठेवला. "किती जणायच्या नोकऱ्या गेल्या म्हंते?"

"दोनेक लाख."

"त्यायले मालूम हाय का, त्यायच्या रडण्यानं इथं ऐंशी बाया कामाले लागल्या म्हणून?"

"नाही, भाऊ."

"कळवता येत नाही?"

"नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "त्याचा फॉर्म नाही."

बुधवारी फंडाचं पत्र आलं, सोबत पैशांची मंजुरी. सोहमनं लिहिलं होतं की, मधले चार दिवस चढउताराचे गेले खरे. परंतु कंपनी सेक्रेटरी श्रीमती वानखडे यांनी वेळेवर दिलेल्या स्पष्ट, निःसंदिग्ध खुलाशामुळेच गुंतवणूकदारांचा विश्वास परत आला, आणि अशा व्यक्तीच्या हाती बार्शीटाकळीचा प्लांट सोपवताना फंडाला आनंद होत आहे.

प्रियदर्शनीनं पत्र दोनदा वाचलं. पर्समधला राजीनामा काढून फाडला. मग पत्राला भोकं पाडली, ते फाईलला लावलं आणि रंगवाल्याला फोन केला.