मावशीच्या भिंतीवरचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. दचकू नका, आज तपासणीचा दिवस नाही. नदीकाठच्या एका वस्तीत उंच लोखंडी खांबावर मी असतो. तोंड पत्र्याचं, पोटात मोटार आणि स्वभाव तापट. हळू बोलणं मला कधी जमलंच नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मला पहिल्यांदा वाजवलं तेव्हा कामगारांनी कानांवर हात ठेवले आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या वर्षांत पावसाचं तंत्र पार बिघडलं होतं. महिनाभराचा पाऊस एका दुपारीच कोसळायचा आणि नदी वस्तीत शिरायची. म्हणून वस्तीसाठी एक आराखडा ठरला. पाणी वाढलं की वरच्या बंधाऱ्यावरचा पहारेकरी बटण दाबणार, मी ओरडणार आणि सगळे टेकडीवरच्या शाळेत जाणार.

मला बसवायचं कुठे, यावर मात्र चांगलीच जुंपली. एकाकडे तान्हं बाळ, दुसरीकडे आजारी सासरे, तिसऱ्याची मुलगी परीक्षेला बसलेली. भोंगा सगळ्यांना हवा होता, पण दुसऱ्याच्या भिंतीवर! शेवटी सायकली दुरुस्त करणारे काका म्हणाले, "शिवणवाल्या मावशीच्या भिंतीवर लावा की. तिला कसला त्रास होणार?"

मावशीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्याकडे राहणाऱ्या भाचीने खुणा करून तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती हसली आणि तिने मान डोलावली.

तिचं घर म्हणजे एकच खोली. खिडकीशी शिलाई मशीन, दोरीवर शाळेचे गणवेश. मी मनात म्हटलं, फुटकं नशीब माझं, एवढा गळा असून उपयोग काय! पण पहिल्या शनिवारी तपासणीला मी वाजलो आणि भिंत थरथरली. डबीतल्या टाचण्या नाचू लागल्या. मावशीने तळहात भिंतीला टेकवला, डोळे मोठे केले आणि खळखळून हसली. मग दर शनिवारी ती मशीन थांबवून भिंतीला हात लावून उभी राहायची. बाकी सगळे मला शिव्या घालायचे. माझं ऐकायला थांबणारी ती एकटीच. गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाचं झाकण तिने माझ्या मोटारीसाठी शिवलं, त्याला बटणंसुद्धा लावली. मला तिचा फार लळा लागला.

त्यानंतर दोनदा पाणी आलं. दोन्ही वेळा मावशी वेळेवर शाळेत पोचली.

मग आराखडा सुधारायचं ठरलं. सभेत इंजिनिअर साहेबांनी सांगितलं, की भोंगा उंच खांबावर नेला तर नाल्यापलीकडच्या घरांनाही ऐकू जाईल. गोष्ट खरी होती. तिथेही लहान मुलं होती. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मावशी उभी राहून भराभर हातवारे करू लागली.

भाची म्हणाली, "मावशी विचारतेय, हा खांबावर गेला की मला कसं कळणार?"

साहेब माणूस भला होता. ते म्हणाले, "बरोबर आहे. त्यांच्या खोलीत लाल दिवा बसवू, भोंग्याबरोबर फिरणारा. पुढच्या टप्प्यात नक्की."

"आणि तोवर?" भाचीने विचारलं.

"तोवर आम्ही आहोत की," सायकलवाले काका म्हणाले. चार-पाच जणांनी माना हलवल्या.

मी खांबावर चढलो. माझे फोटो निघाले, कौतुक झालं. दर शनिवारी मावशी सवयीने भिंतीला हात लावायची, मग दारात येऊन माझ्याकडे बघायची. मी वाजतोय की गप्प आहे, तिला कळत नसे.

एका दुपारी आभाळच फाटलं. भाची बाजारात कामाला गेली होती. गणवेश संपवून मावशीने दार लावून घेतलेलं मी वरून पाहिलं. दमून ती आडवी झाली असावी. पहारेकऱ्याने बटण दाबलं आणि मी ओरडू लागलो. दारं उघडली. काका त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांना पाठीवर घेऊन निघाले. समोरच्या ताई दोन्ही मुलांना ओढत निघाल्या. वस्ती रिकामी झाली, तरी मावशीचं दार बंदच. मित्रांनो, त्यानंतर मी फक्त तिच्यासाठी ओरडत होतो. मोटार तापून जळायची वेळ आली. पाणी उंबऱ्याला लागलं, कडीला लागलं, पण दार उघडलं नाही.

भाची धावत थेट शाळेत पोचली. "मावशी कुठाय?"

काका म्हणाले, "ताईंनी आणली ना?"

ताई म्हणाल्या, "अहो, मला वाटलं तुम्ही आणताय."

कुणीच खोटं बोलत नव्हतं. काका तसेच उलट पावली धावले. छातीभर पाण्यातून लोकांनी त्यांना धरून मागे आणलं.

पाणी ओसरल्यावर मावशीला बाहेर आणलं. तेव्हा भाचीने फोडलेला हंबरडा मी ऐकला. त्याच्यापुढे माझा आवाज काहीच नाही.

पुढच्याच महिन्यात लाल दिवा बसला. वरातीमागून घोडं! खोलीला आता कुलूप आहे. मी वाजलो की रिकाम्या खोलीत तो गरगर फिरतो, खिडकीतून मला दिसतो. मोठी माणसं येतात आणि सांगतात, या भोंग्याने किती जीव वाचवले. तेही खरंच आहे. पण ते ऐकलं की मला रडू येतं, आणि भोंग्याला धड रडताही येत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, वस्त्यांचे आराखडे कराल. सभेत कुणी उठून "मला कसं कळणार?" असं विचारलं, तर त्याचं काम पुढच्या टप्प्यावर ढकलू नका. नुसतं "आम्ही आहोत की" म्हणूनही सोडू नका. कोण जाणार, ते त्याच वेळी ठरवा. मी कितीही जोरात ओरडलो, तरी खांबावरून उतरून मला कुणाचं दार उघडता येत नाही. तुम्हाला येतं.