पाच वर्षांचे पाहुणे

गीझरचा गॅस बाथरूममध्ये कोंडून सुताराची बायको गेली, त्याच दिवशी पोलिसांकडून त्याला कळलं की इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नाही. बाथरूमना झरोके ठेवले नव्हते, म्हणून ते मिळालं नव्हतं. तरी मालकाने घरं भाड्याने दिली होती. तपासणी आली की सगळ्यांनी "आम्ही मालकांचे पाहुणे" म्हणायचं, असा दंडक होता. बायको हसायची, "पाच वर्षं मुक्काम ठोकलेले पाहुणे."

महिन्याभराने पुन्हा तपासणी आली. मालक आधीच दारात हजर.

"दादा, नेहमीसारखंच सांगा. घराला सील लागलं तर जाल कुठे?"

"काळजी करू नका, शेठ."

अधिकारी आले तेव्हा सुताराने स्वतः दार उघडलं आणि आपला टेप त्यांच्या हातात दिला.

"मी भाडेकरू, पाच वर्षांपासून. माझी बायको या बाथरूममध्ये गेली. मोजा, झरोका सापडतो का बघा."

मालक दात-ओठ खात म्हणाला, "खाल्ल्या घरचे वासे मोजता?"

"पाहुणचार फेडतोय, शेठ."

संध्याकाळी सगळ्या दारांना सील लागलं, त्याच्याही. आत दोरीवर तिचे कपडे महिन्याभरापासून वाळत होते. ते काढायचे राहिले.