तोता कंडम समिती

अंबादास मेश्रामांनी आयुष्यात एकही चौकट रिकामी सोडली नव्हती. संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत त्यांनी चौतीस वर्षं मालाची तपासणी केली. तपासणीच्या कागदावर एक जरी चौकट बरोबरच्या खुणेशिवाय राहिली तर अख्खा लॉट परत येतो, हे त्यांच्या हाडीमासी खिळलं होतं. रिटायर झाल्यावर मुलीनं, सुनेत्रानं, नागपूरहून आपला जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर पाठवून दिला. त्यातही ठिकठिकाणी चौकटी निघतात हे पाहून अंबादासजींना जबलपुरात पुन्हा नोकरीवर रुजू झाल्यासारखं वाटलं.

जानेवारीत त्यांनी मराठी टायपिंगचं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते बसवताना पडद्यावर पाच चौकटी आल्या. तोता सर्च हे तुमचं पहिलं पान करायचं का? यापुढे सगळी शोधाशोध तोत्याकडे सोपवायची का? तोत्याची पट्टी वर लावायची का? अशाच आणखी दोन. दोन चौकटींत आधीच खुणा केलेल्या होत्या. एखादा शहाणा माणूस इथे थबकला असता. अंबादासजींनी चष्मा पुसला, उरलेल्या तिन्ही चौकटींत खुणा केल्या आणि समाधानानं 'पुढे' दाबलं.

त्या दिवसापासून इंटरनेट उघडलं की आधी तोता यायचा. हिरवा, लठ्ठ, डोक्यावर टोपी. त्याला काहीही विचारा, तो आपल्या मनातलंच दाखवणार. नागपूरच्या गाडीची वेळ शोधली की लुधियानाचे स्वेटर. गुडघेदुखीवर औषध शोधलं की सबमर्सिबल पंप. संस्थळाचा पूर्ण पत्ता टाकला तरी वाटेत तोता गाठायचाच. मग अंबादासजींनी तोता काढून टाकणारं दुसरं फुकट सॉफ्टवेअर आणलं. त्याच्याही चौकटी होत्या. त्याही त्यांनी भरल्या. मग ते दुसरं काढण्यासाठी तिसरं. मार्च संपेस्तोवर वरच्या पट्ट्या एकाखाली एक अशा उतरत अर्ध्या पडद्यापर्यंत आल्या. खाली जेमतेम चार बोटं जागा उरली. तिच्यातून अंबादासजी बातम्या एकेक ओळ सरकवत वाचायचे आणि वर म्हणायचे, "चालून राहिला ना? मग?"

हे असंच वर्षानुवर्षं चाललं असतं. पण मालनबाईंना हॉल तिकीट हवं होतं.

मालनबाई म्हणजे अंबादासजींच्या पत्नी, वय छप्पन. भंडाऱ्याकडच्या खेड्यात सातवी झाली आणि लग्न लागलं. पुढे मुलीचं शिक्षण, नवऱ्याच्या शिफ्टचे डबे, सासूचं आजारपण. हे सगळं हातावेगळं झाल्यावर त्यांनी कुणाला न विचारता मुक्त विद्यालयाचा दहावीचा फॉर्म भरला. दर रविवारी ऑटोनं राइट टाउनच्या अभ्यासकेंद्रात जाऊ लागल्या. पहिला पेपर पंधरा एप्रिलला होता. हॉल तिकीट फक्त इंटरनेटवरून काढायचं, आणि ते हातात नसेल तर आत घेत नाहीत. हा पेपर हुकला की गाडी सहा महिने मागे. दहा दिवसांपासून त्या नवऱ्याच्या मागे लागल्या होत्या.

"होते ना, मालन. काहून घाबरून राहिली?"

"मी पाहू का जरा? आमच्या केंद्रातल्या प्रतिमा दीदीनं शिकवलं..."

"तू हात नको लावू. बिघडते ते."

असं तीनदा झालं. दहा दिवस उडाले आणि चौदा एप्रिल उजाडला. जयंतीचा दिवस. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेचे भय्यासाहेब कॅफेला कुलूप ठोकून सकाळपासून मिरवणुकीचा ट्रक सजवत होते. तेव्हा घरोघरी बटणांचेच फोन होते. हॉल तिकीट देणारं यंत्र म्हणून मोहल्ल्यात एकच उरलं होतं, आणि त्याच्यावर तोता बसला होता.

दुपारी दोनला अंबादासजींनी ठरवलं की आता नियमानं जायचं. फॅक्टरीत कुठलीही निकामी वस्तू कुणी उचलून फेकत नाही. तीन जणांची समिती बसते, वस्तू पाहते, सह्या करते, मग ती कंडम ठरते. तोताही तसाच जाईल. त्यांनी दोन मित्रांना निरोप धाडला. टिकाराम रामटेके, फॅक्टरीच्याच स्टोअरमधून रिटायर झालेले. आणि लहानू गजभिये, रेल्वेतले हेडक्लार्क, ज्यांच्या अक्षराला सगळे वचकून असत. दोघेही पांढरे शुभ्र कपडे आणि गळ्यात निळे दुपट्टे घालून आले. पाच वाजता मिरवणूक निघणार होती.

"जयभीम! कुठाय माल?" टिकारामजींनी दारातूनच विचारलं.

माल टेबलावर टोपी हलवत होता.

आता अडचण अशी की समितीचा तिसरा सदस्य तपासणारा हवा, आणि तक्रार तर वस्तू वापरणाऱ्याची हवी. अंबादासजी दोन्ही होते. त्यांनी यावर तोड काढली. तपासणारा म्हणून ते खुर्चीवर बसायचे आणि वापरणारा म्हणून दिवाणावर.

"हा माल कवापासून खराब हाय?" खुर्चीवरून त्यांनी कडक आवाजात विचारलं. मग उठले, दिवाणावर जाऊन बसले आणि अदबीनं म्हणाले, "जानेवारीपासून, साहेब."

लहानूजींनी दोन्ही लिहून घेतलं.

"तुम्ही यवढे दिवस रिपोर्ट काहून नाही केला?" पुन्हा खुर्ची.

दिवाणावर गेल्यावर अंबादासजींना उत्तर सुचेना. ते खरोखरच ओशाळले. टिकारामजी म्हणाले, "अच्छा, चलो, सोडा तो मुद्दा," तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली.

तासाभरात ठराव तयार झाला. सदर तोता कामास निरुपयोगी असून दुरुस्तीपलीकडे आहे, सबब कंडम करण्यात यावा. लहानूजींनी खाली सहीसाठी रेघा आखल्या. पेन टिकारामजींच्या हातात गेलं आणि तिथेच थांबलं.

"मेश्रामजी, हा माल आपण आत घेतला त्याचा कागद कुठाय?"

"कागद कायचा? आपल्या मनानंच घुसला ना तो."

"मग कंडम कसा करता? जो माल कधी आत आलाच नाही, तो बाहेर कसा काढता भैया? मी चाळीस वर्षं स्टोअरमधी काढले. अशी सही मी नाही करत."

"घर हाय हे, टिकारामजी. फॅक्टरी नाही."

"तत्त्वाची गोष्ट हाय."

दुसऱ्या कुणाला या बोलण्याचं हसू आलं असतं. अंबादासजींना ते सोळा आणे पटलं. त्यांच्या आतला जुना इन्स्पेक्टर मान डोलवू लागला. खरंच की, आवक नाही तर जावक कुठून? स्वयंपाकघरात मालनबाईंच्या हातून भांडं जरा जोरात आदळलं. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

यावर एकच उपाय होता आणि तो तिघांनाही एकदमच सुचला. तोता आधी रीतसर आत घ्यायचा, आजच्या तारखेला, समितीसमोर. मग लगेच कंडम करायचा. अंबादासजींनी जानेवारीतली ती फाइल शोधली आणि तोता पुन्हा बसवायला घेतला. या खेपेला सात चौकटी आल्या. लहानूजी एकेक मोठ्यानं वाचत गेले, अंबादासजी खुणा करत गेले आणि टिकारामजी प्रत्येक खुणेला "बरोबर" म्हणत गेले. असं चोख काम त्या घरात पूर्वी झालं नव्हतं.

पडदा एकदा काळा झाला. परत उजळला तेव्हा तोत्याशेजारी एक गुलाबी मैना बसली होती. तोता नुसता टोपी हलवायचा. मैना बोलत होती.

"बोलिए जी, क्या ढूँढें?"

"आवाज गोड हाय हो," लहानूजी म्हणाले.

खालची चार बोटं जागा आता दोन बोटं झाली होती. अंबादासजींनी त्या फटीत कसंबसं हॉल तिकीट असं टाइप केलं. मैना म्हणाली, "अभी लीजिए!" आणि पडदाभर लग्नाचे हॉल आले, त्यातला एक तर दूरच्या मझौली गावचा होता, एसी आणि पार्किंगसह.

सव्वाचार वाजले. दूरवर डीजेचा पहिला ठोका ऐकू आला. टिकारामजींनी दुपट्टा नीट केला. "सही करून टाकतो आता, आवक झाली. पन प्रत्यक्ष काढाचं काम कोनत्या सेक्शनकडे जाते?" हे कुणालाच माहीत नव्हतं. फॅक्टरीत कंडम केलेला माल कोण उचलून नेतं, हे पाहायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

तेव्हा मालनबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रे त्यांनी ठरावाच्या कागदावरच ठेवला. पदराला हात पुसले.

"सरका."

"मालन, तू..."

"उद्या पेपर माझा हाय का समितीचा? सरका म्हनलं ना."

अंबादासजी सरकले. खुर्चीवरून उठले आणि सवयीनं दिवाणावर जाऊन बसले.

मालनबाई खुर्चीत टेकल्या. आत काय काय बसवलं आहे त्याची यादी त्यांनी उघडली आणि ती तारखेप्रमाणे लावली. ज्या दिवशी टायपिंग आलं त्याच दिवशी आणखी कोण कोण घुसलं, ते सगळे एका ओळीत उभे राहिले. टायपिंग त्यांनी राहू दिलं, बाकीच्यांना एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली. मध्येच पडदा अंधारला आणि प्रश्न आला, कॉम्प्युटरमध्ये बदल करायला परवानगी आहे का? मागे तिघांनी एकदम तोंड उघडलं. परवानगी द्यायचा अधिकार कोणाचा, हा त्यांचा आवडीचा विषय. मालनबाईंनी मागे वळूनही न पाहता 'हो' दाबलं.

तोत्याची पाळी आली तेव्हा तो रडू लागला. पडद्यावर खरोखरच टपोरे अश्रू आले. खाली मोठं हिरवं बटण होतं, 'मला राहू द्या', आणि त्याच्या बगलेला दिसेल न दिसेल असं करडं, 'तरीही काढा'.

"राहू द्या ना, भाभी," लहानूजींचा आवाज कापरा झाला. "मुकं जनावर हाय."

मालनबाईंनी करडं बटण दाबलं. मैना "सोच लीजिए जी" म्हणता म्हणता वाक्याच्या मध्येच गेली. मग त्यांनी ब्राउझर उघडून त्याला चिकटलेल्या सगळ्या पट्ट्या काढल्या, पहिलं पान बदललं, शोधण्याचं काम तोत्याकडून काढून घेतलं. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. तोता हजर.

"पाहा!" टिकारामजी म्हणाले. त्यांना मनातून थोडं बरं वाटलं.

"थांबा जी." मालनबाईंनी ब्राउझरच्या चित्रावर उजवं बटण दाबलं आणि त्याची माहिती उघडली. तिथल्या लांबलचक ओळीच्या शेवटी, एक जागा सोडून, तोत्याचा पत्ता गुपचूप जोडलेला होता. चित्रावर टिचकी मारली की तोच उघडत होता. त्यांनी तेवढी शेपटी पुसून टाकली. पुन्हा उघडलं. पांढरं, रिकामं, कोरं पान आलं. अंबादासजींनी ते तीन महिन्यांनी पाहिलं.

"कुठं शिकली हे?" त्यांनी दिवाणावरून विचारलं.

"डाटा एंट्री विषय हाय मले. सहा महिने झाले."

प्रिंटरमधून हॉल तिकीट सरकत बाहेर आलं. अंबादासजींनी ते आधी हातात घेतलं, शिक्का पाहिला, फोटो पाहिला आणि मग केंद्राचं नाव वाचलं. सगळे राइट टाउन धरून बसले होते. कागदावर चाळीस किलोमीटरवरचं सिहोरा लिहिलं होतं, वेळ सकाळी नऊ. आज हे निघालं नसतं तर उद्या मालन रिकाम्या हातानं राइट टाउनच्या चुकीच्या फाटकावर उभी राहिली असती. दहा दिवसांचं सगळं "होते ना" त्यांना एकेक करून आठवलं. मित्र मिरवणुकीला निघाले, पण अंबादासजी गेले नाहीत. ते मालनबाईंची पेनं तपासत बसले.

सकाळी पहिल्या बसनं दोघं सिहोऱ्याला उतरली. शाळेच्या फाटकावरच्या शिपायानं त्यांच्या मागेपुढे पाहिलं. "बच्चा कहाँ है? फाटक बंद होने वाला है।"

"मैं ही हूँ," मालनबाई म्हणाल्या, कागद दाखवला आणि आत गेल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. अंबादासजी बाहेर राहिले.

झाडाखाली आयाबाया डबे घेऊन बसल्या होत्या. एकीनं सरकून जागा दिली. "भैया, आपका कौन बैठा है?"

"मेरी मिसेस।" छाती जराशी फुगलीच त्यांची.

"अच्छा! आज कौन सा पेपर है उनका?"

अंबादासजींनी तोंड उघडलं. हॉल तिकिटावरचा शिक्का, नंबर, फोटोवरची अर्धी सही, सगळं त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. विषय दिसत नव्हता. तो त्यांनी वाचलाच नव्हता. सहा महिने ती रविवारी घरातून जात होती आणि कुठले विषय घेतलेस, एवढंही आपण कधी विचारलं नाही, हे त्या अनोळखी बाईसमोर त्यांना कळलं. त्यांना अतोनात लाज वाटली. "पूछकर बताता हूँ," ते म्हणाले. बाईनं डब्याचं झाकण लावलं आणि दुसरीकडे पाहिलं.

बारा वाजता घंटा झाली. मालनबाई घामाघूम होऊन, शाईनं माखलेल्या बोटांनी बाहेर आल्या.

"मालन, कोनता पेपर होता?"

त्यांनी नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. थट्टा नव्हती.

"विज्ञानाचा."

"काय काय विचारलं?"

बस सुटली तेव्हा त्या पहिल्या प्रश्नावर होत्या. दुसऱ्या प्रश्नात हृदयाचे चार कप्पे होते, ते त्यांनी हाताची मूठ करून दाखवले. अंबादासजींना त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण ते सिहोऱ्यापासून जबलपूरपर्यंत ऐकत राहिले.