शेजारतोफ

कलम्याला हे नाव पडलं ते खेळात बारीकसारीक कलमं काढण्याच्या त्याच्या खोडीमुळे. दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत चार जाणती माणसं षटकोनी घरांचा पट पसरून पुठ्ठ्याची अंतराळयानं लढवत. वयं पन्नाशीच्या पुढची, आणि वाद असा घालत की बाहेरच्याला वाटावं, जमिनीची वाटणी चाललीय. नियमांची वही मास्तरांकडे असे. ते गणित शिकवून निवृत्त झालेले. दुसरे दाताचे डॉक्टर. तिसरा पैलवान. वजन पंचावन्न किलो, म्हणून पैलवान. तो आणि कलम्या एकाच कंपनीत लिफ्ट दुरुस्त करत, अठरा वर्षं, एकाच जोडीनं.

गेले पाच शनिवार पैलवान आला नव्हता. कंपनीनं त्याला निलंबित केलं होतं.

एका सात मजली इमारतीची लिफ्ट दीड मजला घसरली आणि एका म्हातारीचं मांडीचं हाड मोडलं. ब्रेकची पट्टी झिजून कागदासारखी झालेली, आणि लिफ्ट चालवायला हरकत नाही या शेऱ्याखाली सही पैलवानाची. आता खरं काय ते सांगायला हवं. त्या दिवशी पैलवानानं गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतून साहेबांना फोन लावला होता. पट्टी गेलीय, लिफ्ट बंद ठेवतो म्हणाला होता. साहेबांनी त्याला झापलं आणि पट्टी पुढच्या महिन्यात मिळेल, आज लिफ्ट चालू कर, असं बजावलं. पैलवानाचे हात ग्रीसनं बरबटलेले, म्हणून फोन स्पीकरवर होता. बॅटरी धरून शेजारी उभ्या असलेल्या कलम्यानं शब्दन् शब्द ऐकला होता. साहेब आता असा फोन आलाच नाही म्हणत होते.

सोमवारी चौकशी होती. साक्षीदारांच्या यादीत पैलवानानं एकच नाव दिलं होतं. कलम्या त्यावर हो म्हणाला नव्हता, नाही म्हणाला नव्हता. ‘बघू’ म्हणाला होता. आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ काय होतो ते लहान पोरालाही ठाऊक असतं, पण जिगरी दोस्तानं म्हटलं की माणूस आशा धरून बसतो. मधल्या काळात साहेबांनी कलम्याला जिन्यात गाठून तब्येतीची चौकशी केली. अठरा वर्षांत पहिल्यांदाच. बायकोनंही स्पष्ट काही विचारलं नाही. सोमवारी कोणता शर्ट इस्त्री करू, एवढंच विचारलं. कलम्या म्हणाला, कुठलाही.

या पाच आठवड्यांत कलम्यानं काय केलं? नवा नियम लिहिला. खेळात प्रत्येक यानाला बचावाची एक तोफ असते, आणि ती फक्त स्वतःवर येणारं क्षेपणास्त्र पाडू शकते. शेजारच्या घरातल्या आपल्याच जोडीदाराच्या चिंधड्या उडत असल्या तरी बघत बसायचं. कलम्यानं सुचवलं की लगतच्या मित्रयानावर आलेलं क्षेपणास्त्र आपल्या तोफेनं पाडता यावं. मात्र त्या फेरीत ती तोफ स्वतःसाठी वापरायची नाही. आपल्यावर येईल ते अंगावर घ्यायचं. नाव ठेवलं शेजारतोफ. दोन पानं कारणं, एक तक्ता, आणि प्रत एकेकाला घरपोच. लिहिताना त्याला खरंच बरं वाटत होतं. आपण पैलवानासाठी काहीतरी केलं, कागदावर का होईना, असं वाटून त्या रात्री त्याला झोप लागली. माणूस स्वतःला किती स्वस्तात फसवतो ते बघा.

या शनिवारी पैलवान आला. आणखी वाळला होता. खुर्ची ओढण्याआधी त्यानं कलम्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

“वाचलं मी,” तो हळूच म्हणाला. “कळलं मला. सोमवारचं टेन्शनच गेलं बघ.”

अरे, तो नुसता खेळाचा नियम आहे, हे कलम्याला तेव्हाच सांगायचं होतं. पण पैलवानाचा चेहरा इतका मोकळा झाला होता की कलम्या नुसता हसला, आणि पटावरची धूळ फडक्यानं पुसत बसला.

मास्तरांचा दंडक असा, की नियम ज्यानं सुचवला त्यानं तो लावून आधी एक डाव खेळायचा, मग मतदान. कलम्या आणि पैलवान एका बाजूला बसले, मास्तर आणि डॉक्टर दुसऱ्या. पैलवान वेड्यासारखा खेळला. महिनाभर कोंडलेलं माणूस बाहेर सोडावं तसं त्यानं यान थेट शत्रूच्या तोंडात घातलं, आणि तीन फेऱ्या मार खाऊन कलम्यासाठी वाट मोकळी केली. चौथ्या फेरीला त्याची स्वतःची तोफ निकामी झालेली, कवचाचा एकच चौकोन शिल्लक. त्याचं यान कलम्याच्या यानाला अगदी खेटून उभं.

मास्तरांनी एक क्षेपणास्त्र पैलवानावर सोडलं. डॉक्टरांनी एक कलम्यावर.

“शेजारतोफ वापरणार?” मास्तरांनी नियमाप्रमाणे विचारलं.

कलम्यानं पट पाहिला. पैलवानाला वाचवलं तर आपल्याला एक तडाखा बसणार. यान मरणार नव्हतं, फक्त इंजिन जाणार होतं. पण इंजिन शाबूत राहिलं तर पुढच्या फेरीला मास्तरांचं मुख्य यान टप्प्यात येत होतं. हिशेब अगदी स्वच्छ होता. त्यानं तो दोनदा केला. पैलवान पटाकडे बघतच नव्हता. काय होणार ते माहीत असल्यासारखा खुर्चीला टेकून चहा पीत होता.

“नाही,” कलम्या म्हणाला. “स्वतःसाठी.”

पैलवानाचा कप ओठाशीच थांबला. मग त्यानं तो खाली ठेवला, आपलं पुठ्ठ्याचं यान उचललं आणि डब्यात टाकलं. कलम्यानं पुढच्या फेरीला मास्तरांचं यान उडवून डाव जिंकला. डॉक्टरांनी त्याचं मनापासून कौतुक केलं. त्यांना भीती होती की हा नियम आला तर जो तो उठसूट शेजाऱ्याला वाचवत बसेल आणि क्षेपणास्त्रांना अर्थ उरणार नाही. पण ज्यानं नियम लिहिला त्यालाच वेळ आल्यावर तो परवडला नाही, म्हणजे तोल अचूक साधलाय, असं ते म्हणाले. मास्तरांनी मत मागितलं. चारही हात वर झाले. पैलवानाचा सगळ्यात आधी.

जिन्यापाशी कलम्यानं त्याला गाठलं. हा डाव होता, डावात जिंकायचंच असतं, मुख्य यान टप्प्यात होतं, असं तो घाईघाईनं सांगत सुटला. चप्पल घालून होईपर्यंत पैलवानानं ऐकून घेतलं.

“तू चुकीचं नाही खेळलास,” पैलवान म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच कलम्याला सोसेना. “मीच येड्यासारखं काहीतरी धरून बसलो होतो. सोमवारी नको येऊस तू. यादीतलं नाव मी काढून घेतो.”

आता बोलायचं होतं. येणार म्हणजे येणार, नाव काढलंस तर बघ, एवढंच बोलायचं होतं. कलम्याला ते वाक्य पाठ होतं. पाच आठवडे मशीनच्या खोलीत एकटा असताना ते त्यानं कितीदा तरी घोकलं होतं. त्यानं तोंड उघडलं.

“तुला नक्की चालेल ना?” तो म्हणाला.

पैलवान चालेल म्हणाला, आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरून गेला.

कलम्या वरच उभा राहिला. त्याला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं, हे सगळं खरं. पण ते नंतर. त्याआधी, पैलवान पहिलं वळण घेऊन दिसेनासा झाला तेव्हा, त्याला हायसं वाटलं होतं.