शांताबाईंच्या आगळाची बरणी

मी चिनी मातीची बरणी, वरून तपकिरी, खालून पांढरी. शांताबाई गेल्याचा फोन आला तो एक साधा मंगळवार होता. त्यांची सून दर्शना मेथी निवडत होती, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या. तिने फोन ठेवला, गॅस बंद केला, निवडलेली मेथी झाकून ठेवली आणि मग खाली बसली.

तेव्हा मी अर्धी भरलेली होते. आत कोकमाचं आगळ होतं, बाईंनी मे महिन्यात केलेलं. पिकलेली कोकमं मीठ लावून मुरवायची आणि सुटलेला लालभडक रस गाळून माझ्यात भरायचा. गिरगावातल्या या दोन खोल्यांत बावीस वर्षं मी तेच सांभाळत आले. दुकानात बाईंनी मला बोटांनी वाजवून पाहिलं होतं. "हिचा आवाज बरा आहे," म्हणाल्या आणि घेऊन आल्या.

शेजारी माझ्यासारखीच दुसरी बरणी आहे. तिच्यात साखरेतलं गोड कोकम. आम्हाला ओळखण्यासाठी बाईंनी मला पांढरं फडकं बांधलं होतं, तिला निळं.

बाई गेल्यावर त्यांचे यजमान जयवंतराव म्हणाले, "पांढऱ्या फडक्याच्या बरणीला कुणी हात लावायचा नाही." कुणी लावला नाही. घरात सोलकढी होईनाशी झाली. भरलेल्या बरणीलाही एकटं वाटतं, हे मला तेव्हा कळलं.

मार्चमध्ये नात अनुजा आठ वर्षांची झाली. मागच्या वर्षी तिच्या चार दाढा किडल्या, तेव्हाच आजीने बजावलं होतं, पुढच्या वाढदिवसाला बाटलीतलं थंड पेय नाही आणि वेफर्स नाहीत. जयवंतरावांना तो शब्द पाळायचा होता. दर्शनाला धास्ती होती.

"बाबा, पोरं कोकम सरबताचा एक घोट घेतील आणि बाकीचं बेसिनमध्ये ओततील. उद्या शाळेत अनुजाला चिडवतील."

"ओतू देत. बघू."

उकडलेली कणसं, कलिंगड, नाचणीची लहान घावनं आणि कोकम सरबत, असा बेत ठरला. दर्शनाने हौसेने सगळं धुऊन काढलं, आमची फडकीसुद्धा. बांधताना मात्र अदलाबदल झाली. मला निळं आलं. मला ओरडता येत नाही.

जयवंतरावांनी पाण्याच्या पातेल्यात मला बरंच रिकामं केलं. शेजारच्या कॅथरीन आंटींच्या नातवाने, फ्लॉयडने, पहिला घोट घेतला आणि डोळे गच्च मिटले.

"आजोबा, ह्यात समुद्र घातलाय का?"

पोरं खिदळली. जयवंतरावांनी चाखून पाहिलं आणि त्यांचा हात तसाच थांबला. दर्शनालाही कळलं. "बाबा, आईंचं..."

"ए, तोंड वाकडं न करता कोण पितं?" अनुजाने पैज लावली आणि स्वतः गटागटा प्यायली. आजीच्या हाताला सरावलेली पोर ती. मग रांगच लागली.

"थांबा रे, पोटं बिघडवून घ्याल!" कॅथरीन आंटी धावल्या. त्यांनी पातेल्यात पाणी वाढवलं, भाजलेलं जिरं आणि थोडासा गूळ घातला. "शांता असती ना जयवंतराव, तर लाटणं घेऊन मागे लागली असती तुमच्या."

जयवंतराव हसले. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदाच.

पातेलं संपलं आणि दहा पेले पुन्हा पुढे आले. "अजून द्या ना!" दर्शना मला उचलून मागे ठेवू लागली. "एवढं तरी राहू द्या, बाबा."

त्यांनी तिच्या हातातून मला घेतलं. "प्यायलाच केलं होतं तिने," म्हणाले आणि मला उपडं केलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवलं.

बेसिनमध्ये कुणीही काही ओतलं नाही. सगळ्यांच्या ओठांवर लाल मिशा होत्या.

आता मी धुऊनपुसून खिडकीत उभी आहे. हलकी आहे, आणि बरी आहे. अनुजा येता-जाता मला वाजवते. तिच्या मैत्रिणीकडच्या वाढदिवसालाही सरबत होतं म्हणे.

तुमच्या घरी कुणी हाताने असं काही करत असेल, तर एक दिवस शेजारी बसा आणि बघून घ्या. आमच्याकडे किती कोकमांना किती मीठ, हे बाईंना विचारायचं राहून गेलं.