शेकोटीचा फोटो

सकाळी ऑफिसला निघताना रेवतीने नोएडातल्या आपल्या सोसायटीच्या दारात शेकोटीचा फोटो काढला, तेव्हा कुणाचं वाईट करावं असं तिच्या मनातही नव्हतं. जिने झाडणारी भानुमती पालापाचोळा नि पुठ्ठे पेटवून हात शेकत बसली होती. मागे लॉबीचं काचेचं दार, आत हीटर, आणि दारावर चिकटवलेली पाटी: सफाईवाल्यांनी आत बसू नये. सोसायटीने तसा ठरावच केला होता, आणि त्यावर रेवतीनेही डोळे झाकून सही केली होती.

तिची संस्था हवेच्या प्रदूषणावर मोहिमा चालवते. प्रमुख सुजयने फोटो पाहिला. "परफेक्ट! फक्त ती पाटी क्रॉप कर."

"पण ती आग का लावते, ते पाटीवरच आहे ना?"

"यार रेवती, गरिबी आणली की फाइल दुसऱ्या मंत्रालयात जाते. मुलांचा श्वास म्हण, सगळे ऐकतात."

तिने पाटी कापली. खाली लिहिलं, 'हा धूर आपल्या मुलांच्या छातीत जातो.' त्यात खोटं काहीच नव्हतं. खोटं न बोलता माणूस गायब करणं आपल्या शिकल्यासवरल्यांना किती छान जमतं!

फोटो गाजला. सरकारी समितीने शेकोट्यांवर दंड सुचवला, आणि सोसायटीने तर दुसऱ्याच दिवशी शेकोटी बंद केली. पाटी तशीच राहिली. भानुमती तीन आठवडे गारठ्यात बसली.

"अगं, ती भानुमती गेली. न्यूमोनिया," लिफ्टमध्ये शेजारच्या रुचिराने सांगितलं. "उद्यापासून नवी बाई येतेय."

"अच्छा," रेवती म्हणाली. तिला रडू आलं नाही. काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

त्या दुपारी तिने समितीला पूर्ण फोटो पाठवला. सोबत आपल्या सहीचा ठराव जोडला.

"मोहीम मरेल," सुजय ओरडला.

"बाई मेली आहे, सुजय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी बाई काखेत हात घालून त्याच जागी उभी होती. रेवतीने काचेचं दार उघडलं.

"अंदर आइए. हीटर के पास बैठिए."

"मना है, मॅडम." बाईने पाटीकडे बोट दाखवलं.

रेवतीने नखांनी पाटी खरवडून काढली. सोफ्यावरचे गृहस्थ पेपरातून डोकं वर काढून वैतागले, "दरवाजा बंद कीजिए, ठंड आ रही है!"

बाई आत येईपर्यंत रेवतीने दार उघडं धरून ठेवलं.