तीनदा साधु

लहूच्या आवाजाला तळच नव्हता, म्हणून शिकागोच्या ऑपेरात पस्तिशीतच त्याच्या वाट्याला म्हातारे राजे आणि पुरोहित यायचे. सत्त्याऐंशी साली नागपूरहून त्याची आई आली आणि पहिल्या रांगेत बसली.

पुरोहिताच्या पांढऱ्या दाढीतल्या लहूने प्रार्थनेचा शेवटचा सूर इतका खाली नेला, की सगळं थिएटर धुक्यात तरंगायला लागलं. बुद्धविहारात वंदना म्हणताना त्याच्या वारलेल्या बाबांचा सूर असाच उतरायचा. त्या शांततेत आईने हात जोडले आणि वंदनेनंतर म्हणतात तसं मोठ्याने म्हणाली, “साधु! साधु! साधु!”

पुरोहिताने खरं तर दगडासारखं उभं राहायचं होतं. लहू वाकला, त्याने हात जोडले.

प्रयोगानंतर दिग्दर्शक खूश झाला. “हे रोज कर.”

“रोज कसं जमेल?” लहू म्हणाला. “आई मंगळवारी परत चाललीय.”